थडग्यातला पंचनामा आणि चिनी अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन चीनमधले उच्च शिक्षण आणि सरकारी नोकरभरती यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे सुरुवातीला आनंद झाला. शेवटच्या परिच्छेदाशी आलो तेव्हा मात्र गप्प बसवेना. लेखकाचा निष्कर्ष असा की, चीनमध्ये जुने ग्रंथ घोकणाऱ्या आणि कविता रचणाऱ्या माणसांच्या हाती दोन हजार वर्षे कारभार सोपवला गेला. कारभार कसा करायचा हे त्यांना कुणी कधी शिकवलेच नाही. हे बरोबर नाही. शिकवणारे होते, त्यांची पाठ्यपुस्तके होती, आणि त्यातली काही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

आधी माझ्याविषयी दोन वाक्ये, म्हणजे मी हे का लिहितो आहे ते कळेल. सरकारी नोकरीत नव्याने रुजू होणाऱ्यांना काम शिकवणे, हेच मी तीस वर्षे केले. टिपणी कशी मांडायची, मसुद्यात काय ठेवायचे आणि काय गाळायचे, जबाब कसा नोंदवायचा, पंचनाम्यात 'जवळच', 'थोड्या अंतरावर' असे न लिहिता अंतर मोजून का लिहायचे, हे सगळे. परीक्षा पास होऊन आलेली हुशार मुले पहिल्या दिवशी कोऱ्या कागदापुढे कशी अडून बसतात हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. माणूस निवडणे हे एक काम आणि निवडलेला माणूस घडवणे हे दुसरे. लेखात या दोन्हींची गल्लत झाली आहे.

काळाचीही गल्लत आहे. ज्याला आपण चिनी परीक्षापद्धती म्हणतो ती सुई राजवटीत, इ. स. ६०५च्या सुमारास आकाराला आली आणि १९०५ साली बंद झाली. म्हणजे तेराशे वर्षे. त्याच्याही आधी आठशे वर्षे त्या देशात राज्यकारभार चालत होता, सारावसुली होत होती, खटले चालत होते, धान्याच्या कोठारांचे हिशेब तपासले जात होते. ती माणसे कुठून येत होती?

आठ वर्षांपूर्वी माझी मुलगी कामानिमित्त वुहानला होती. तिने मला महिनाभरासाठी बोलावून घेतले. तिला चिनी उत्तम येते, मला एक अक्षर येत नाही. हुबेई प्रांताच्या संग्रहालयात एका काचेखाली बांबूच्या पट्ट्या मांडलेल्या होत्या. लांबी साधारण वीतभर, रुंदी करंगळीहूनही कमी. त्यांवर कुंचल्याने, काळ्या शाईने, वरून खाली एकाच ओळीत लिहिलेली बारीक अक्षरे. मुलगी पाटी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "बाबा, हे तर तुमच्याच कामाचं आहे." त्या काचेपाशी मी तासाहून अधिक वेळ उभा होतो. परत आल्यावर या पट्ट्यांचे इंग्रजी अनुवाद मिळवून वाचले, आणि गेली आठ वर्षे तेच वाचतो आहे.

या पट्ट्या सापडल्या १९७५ सालच्या डिसेंबरात. हुबेई प्रांतातल्या युनमंग परगण्यात शुइहुदी म्हणून एक जागा आहे. नावाचा अर्थ 'झोपलेल्या वाघाची भूमी'. तिथे पाण्याचा चर खणताना जुनी थडगी लागली. त्यांतल्या ११व्या क्रमांकाच्या थडग्यात, शवपेटीत सांगाड्याभोवती, डोक्यापासून पायांपर्यंत ११५५ पट्ट्या रचून ठेवलेल्या निघाल्या. ज्याचे थडगे त्याचे नाव शी. राजा नव्हे, सरदार नव्हे. छिन राज्याचा एक स्थानिक लेखनिक. त्याच्याबरोबर पुरलेल्या सनावळीत त्याची अख्खी नोकरी आहे. इ. स. पू. २६२ला जन्म. सतराव्या वर्षी सरकारी वहीत नाव चढले. एकोणिसाव्या वर्षी लेखनिक. पुढे आनलू आणि येन या परगण्यांत बढती, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी येन इथे फौजदारी खटल्यांची चौकशी. सनावळी इ. स. पू. २१७ला थांबते. तोवर छिनच्या पहिल्या सम्राटाने सगळा चीन एका छत्राखाली आणून चार वर्षे झाली होती.

या माणसाने, किंवा त्याच्या घरच्यांनी, शेवटच्या प्रवासाला बरोबर काय दिले? कायदे, त्यांवरची प्रश्नोत्तरे, आणि अहवाल कसे लिहायचे त्यांचे नमुने. आमच्या भाषेत सांगायचे तर पंचनाम्याचे आणि जबाबाचे नमुने. नावाच्या जागी 'अमुक' घालून ते लिहिलेले आहेत, म्हणजे नवशिक्याने तो साचा डोळ्यांसमोर ठेवून आपला अहवाल लिहावा.

त्यातला घरफोडीचा नमुना मी संपादकांना मुद्दाम सांगतो. रात्री एका घरातून, आत रेशमी तंतू भरलेला अंगरखा चोरीला गेला आहे. सकाळी लेखनिक जागेवर जातो. भिंतीच्या तळाशी भोक पाडलेले आहे. ते डुकराच्या बिळासारखे दिसते, असे तो लिहितो. त्याची उंची किती, खालची रुंदी किती, मोजून लिहितो. आतल्या मातीत गुडघे आणि तळहात टेकल्याच्या खुणा आहेत; त्या मोजतो. बाहेर बुटांचे ठसे आहेत. लांबी एक छ् दोन त्सुन, म्हणजे आजच्या मापाने २८ सेंटीमीटरच्या आसपास. ठशाच्या पुढच्या भागातली नक्षी दाट, चार त्सुन. मधला विरळ, पाच. टाचेचा पुन्हा दाट, तीन. आणि शेवटी: ठशावरून बूट जुना वाटतो.

दहा त्सुनांचा एक छ्. चार, पाच आणि तीन, बारा. बेरीज जुळते. मी अनुवाद वाचताना ही बेरीज केली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बावीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी नवशिक्या पोराला सांगत होते की एकूण लांबी लिहून भागत नाही, तिचे भाग पाड, दाट आणि विरळ भाग वेगळे दाखव, आणि भागांची बेरीज एकूण आकड्याशी ताडून बघ. मीही आयुष्यभर हेच सांगत आलो.

जबाब घेण्याविषयीची सूचना याहून मोलाची आहे. आरोपीला आधी सगळे बोलू द्यावे आणि त्याचे शब्द लिहून घ्यावेत. तो खोटे बोलतो आहे हे कळले तरी लगेच मध्ये तोंड घालू नये. त्याचे बोलणे संपले, लिहून झाले, की जिथे उलगडा होत नाही तिथे विचारावे. नोंदींच्या आधारे त्याच्या बोलण्याचा माग काढून, हात न उगारता सत्य बाहेर काढले तर ते उत्तम काम. मारून काढले तर कनिष्ठ. धाक बसवला तर काम फसले. छिन राजवट दयाळू होती असे मी म्हणत नाही. तिचे कायदे कठोर होते, शिक्षा भयंकर होत्या, आणि हाच मजकूर पुढे सांगतो की जबाब वारंवार बदलणाऱ्याला मारता येईल. पण तसे झाले तर कोणत्या कारणाने मारले ते अहवालात लिहायचे. कागदावर उत्तर द्यावे लागणार ही जाणीव त्या शिकाऊ लेखनिकाच्या मनात पहिल्यापासून रुजवली जात होती.

आणखी एक नियम. सरकारकडे काही मागायचे असेल, विचारायचे असेल, तर लेखीच विचारायचे. तोंडी नाही, दुसऱ्याकरवी निरोप पाठवून नाही. पाऊस पडला की किती शेतजमिनीला तो लागला हेही लेखी कळवायचे. जवळच्या परगण्यांनी चपळ पायांच्या जासूदाकडून, लांबच्यांनी टपालाने, आठव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. दफ्तरखान्यात आग न्यायला सक्त मनाई. रात्री अधिकाऱ्याने फेरी मारायची, कुठे विस्तव नाही याची खात्री करायची आणि मगच दार लावायचे. हा आगीचा नियम लक्षात ठेवावा, पुढे पुन्हा येणार आहे.

हे शिकवले कुठे जाई? त्याच पट्ट्यांत 'अभ्यासखोली'चा उल्लेख आहे, आणि लेखनिकांच्या मुलांखेरीज तिथे कुणी शिकू नये, शिकल्यास गुन्हा, अशी आज्ञाही. धंदा बापाकडून मुलाकडे जात होता. माझी मुलगी संग्रहालयात हळूच म्हणाली, "म्हणजे मी तुमची मुलगी असूनही मला दार बंदच." खरे आहे. दोन हजार वर्षांच्या या सगळ्या इतिहासात सरकारी विद्यालये आणि परीक्षा मुलींना बंद राहिल्या. हे लिहिल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

शीनंतर तीस वर्षांनी काय झाले तेही जमिनीतूनच वर आले. हुबेईतच जियांगलिंगजवळ झांगजियाशान इथल्या २४७व्या क्रमांकाच्या थडग्यात हान राजवटीचे, इ. स. पू. १८६च्या सुमाराचे कायदे मिळाले. त्यांत लेखनिकांच्या शिक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. लेखनिकाच्या मुलाने सतराव्या वर्षी शिकायला लागायचे. तीन वर्षे शिकायचे. मग आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी परीक्षा. पाच हजारांहून अधिक अक्षरे मुखोद्गत म्हणता आणि लिहिता आली तर लेखनिक म्हणून नेमणूक. प्रवेशाचे वय, अभ्यासाचा काळ, परीक्षेची तारीख, उत्तीर्ण होण्याची पातळी, सगळे कायद्यात. आपल्या लेखकाने 'प्रशिक्षण नव्हते' म्हटलेल्या देशात!

आता त्या प्रसिद्ध राजविद्यालयाकडे, म्हणजे थायश्वेकडे येतो. लेखात त्याची स्थापना 'सम्राटाच्या विद्याप्रेमातून' झाली असे म्हटले आहे. इ. स. पू. १२४मध्ये सम्राट वूने ते सुरू केले खरे, पण त्यामागची विनंती गोंगसुन होंग या मंत्र्याची होती आणि तिच्यातले कारण विद्याप्रेमाहून कितीतरी साधे आहे. त्याने सम्राटाला कळवले की, आपले हुकूम भारदस्त भाषेत, खोल अर्थाचे निघतात, पण खालच्या लहान अधिकाऱ्यांचे वाचन तोकडे. त्यांना ते नीट उमगत नाहीत, त्यामुळे लोकांना समजावून सांगता येत नाहीत. हुकूम वरून निघतो आणि खाली पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ हरवतो. हे दुखणे ज्याने कधी खालच्या कचेरीत काम केले आहे त्यालाच कळते, आणि गोंगसुन होंगने केले होते. तो तरुणपणी तुरुंगाच्या खात्यात कारकून होता. काही चूक झाली म्हणून नोकरी गेली. मग समुद्रकिनाऱ्याच्या भागात डुकरे राखत होता. चाळिशी उलटल्यावर अभ्यासाला बसला आणि पुढे थेट प्रधान झाला.

त्याच्या योजनेत आरंभी विद्यार्थी फक्त ५०. वय अठराच्या पुढे. त्यांना वेठबिगार माफ. वर्षभर शिकल्यावर परीक्षा, आणि एका तरी अभिजात ग्रंथावर प्रभुत्व दाखवले की लहान दफ्तरी पदावर नेमणूक. उत्तम ठरलेल्यांना राजदरबारी सेवा. म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही नेमलेली. पुढे विद्यार्थी वाढत गेले. इ. स. १३१च्या सुमारास लुओयांगच्या थायश्वेचा जीर्णोद्धार झाला तेव्हा २४० इमारती आणि १८५० खोल्या बांधल्या गेल्या, आणि त्या शतकाच्या मध्यावर विद्यार्थिसंख्या तीस हजारांवर गेल्याची नोंद इतिहासात आहे. इतक्या माणसांना द्यायला पदे नव्हती. शिकवणी सैल पडली, गटबाजी माजली.

तिथलीच एक हकीकत. परीक्षेत उत्तर चुकले की काही विद्यार्थी राजग्रंथालयातल्या माणसांना पैसे चारत आणि मूळ ग्रंथातले अक्षरच बदलून घेत, म्हणजे आपले उत्तर बरोबर ठरावे! उत्तरपत्रिका बदलणारे मी ऐकले आहेत. ग्रंथ बदलणारे इथेच वाचले. उपाय म्हणून इ. स. १७५मध्ये त्साय योंग आणि इतर विद्वानांच्या मागणीवरून अधिकृत पाठ दगडावर कोरायला घेतला. आठ वर्षांनी शिळा पुऱ्या झाल्या आणि विद्यालयाच्या दारासमोर उभ्या राहिल्या. त्या पाहायला आणि उतरवून घ्यायला रोज हजारावर गाड्या येत, गल्ल्या तुंबून जात, असे इतिहासकार लिहितो. त्या शिळांचे तुकडे आजही संग्रहालयांत आहेत.

मधल्या काळाविषयी फार लिहीत नाही. हान राजवट कोसळल्यावर इ. स. २२०पासून माणसांची नऊ प्रतींत वर्गवारी करून नेमणुका देण्याची पद्धत आली आणि ती थोड्याच काळात बड्या घराण्यांच्या घशात गेली.

थांग काळाविषयी मात्र बोललेच पाहिजे, कारण 'कवी अधिकारी' हा शिक्का तिथूनच आला. चिनशी या सर्वोच्च परीक्षेत तेव्हा कविता लिहायला लागे, हे खरे. पण परीक्षा पास झाल्यावर नोकरी मिळत नसे! त्यानंतर नेमणूक-मंत्रालयाची वेगळी चाचणी. देहयष्टी, बोलणे, हस्ताक्षर आणि निवाडा, या चार गोष्टी तिथे पाहत. निवाडा म्हणजे समोर एक पेचाचे प्रकरण ठेवले जाई आणि त्यावर लेखी निर्णय द्यावा लागे. हान यू हा त्या काळातला थोर गद्यलेखक ७९२ साली चौथ्या प्रयत्नात चिनशी झाला आणि नंतरच्या या नेमणुकीच्या चाचणीत तीनदा नापास झाला.

लेखकाने उदाहरण म्हणून कवी बाय च्यूयीचे नाव घेतले आहे. नेमके तेच नाव मी उत्तरादाखल घेतो. बाय च्यूयीने ८०३ साली निवाड्याची विशेष परीक्षा दिली. तिच्या सरावासाठी त्याने शंभर निवाडे लिहून काढले, आणि ते शंभरच्या शंभर आज वाचायला मिळतात. त्यातला एक असा: एका माणसाने बायकोला सोडले. पुढे तिच्या हातून गुन्हा झाला. मुलाला त्याच्या दर्जामुळे जी सवलत आहे ती वापरून आपली शिक्षा माफ व्हावी, अशी तिने विनंती केली. नवरा संतापून म्हणतो, नाही. काय करावे? बाय च्यूयीचा निर्णय आईच्या बाजूने आहे. नवरा-बायकोचे नाते तुटले, आई-मुलाचे तुटत नाही. असे शंभर पेच त्या तरुणाने स्वतःपुढे टाकून सोडवले. याला कारभाराचे शिक्षण म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? त्याच काळात राजधानी चांगआनच्या राजविद्यालयात मोठ्या शाळांबरोबर कायद्याची ५० विद्यार्थ्यांची, सुलेखनाची ३० जणांची आणि गणिताची ३० जणांची शाळाही चालत होती. गणिताचा एक अभ्यासक्रम सात वर्षांचा होता.

सोंग राजवटीने परीक्षा निर्मळ करण्यावर जोर दिला. नाव झाकणे, उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या हाताने उतरवून घेऊन मगच परीक्षकाकडे देणे, म्हणजे हस्ताक्षरही ओळखू येऊ नये. या व्यवस्थेचे लेखात कौतुक आहे आणि ते रास्त आहे. ती निवडीची गोष्ट, म्हणून मी तिथे थांबत नाही.

मला सर्वांत जास्त भावते ती मिंग राजवटीची सुरुवात. पहिला मिंग सम्राट होंगवू स्वतः दरिद्री शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, अनाथपणी मठात राहिलेला. १३७०मध्ये त्याने परीक्षा सुरू केल्या आणि तीनच वर्षांत थांबवल्या. पास झालेले तरुण लिहितात छान, पण काम नेमून दिले की त्यांना ते जमत नाही, ही त्याची तक्रार होती. अकरा वर्षे परीक्षा बंद राहिल्या. या काळात त्याची भिस्त इतर मार्गांबरोबरच नानजिंगच्या राजविद्यालयावर होती, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्याने चक्क उमेदवारीला पाठवले. शिकता शिकता मंत्रालयांत आणि खात्यांत जायचे, महिनोन्महिने तिथे काम करायचे, कामाचा शेरा घ्यायचा आणि मग नेमणूक. परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर १३८५पासून नव्या चिनशींनाही असेच 'कारभार पाहायला' वेगवेगळ्या खात्यांत बसवू लागले. निवडक काहींना हानलिन अकादमीत, म्हणजे दरबारी विद्वानांच्या संस्थेत, तीन वर्षे ठेवून घेत.

ही उमेदवारी नावापुरती नव्हती. १३८७मध्ये विद्यार्थी शेतजमिनींची मोजणी करायला गावोगाव गेले. शेताचा आकार, चारी हद्दी, मालकाचे नाव असे नकाशे तयार झाले. एकाला एक लागून काढलेली शेते माशाच्या खवल्यांसारखी दिसत, म्हणून त्या नोंदवह्यांना 'मत्स्यशल्क वह्या' म्हणत. १३९४मध्ये विद्यार्थ्यांना तळी-बंधाऱ्यांच्या कामांवर धाडले, आणि पुढच्या वर्षी देशभरातून ४०,९८७ तळी आणि बंधाऱ्यांची कामे झाल्याचा अहवाल आला.

आणि नानजिंगचे श्वेनवू सरोवर. वुहानहून मुलगी मला तिथेही घेऊन गेली. आज लोक तिथे नावा वल्हवतात, बेटांवर झाडाखाली बसतात. मिंग काळात सामान्य माणसाला तिथे पाय ठेवायला बंदी होती, कारण सरोवरातल्या बेटांवर साऱ्या देशातल्या घरांच्या, माणसांच्या आणि जमिनींच्या 'पिवळ्या वह्या' ठेवलेल्या होत्या. दर दहा वर्षांनी नव्या वह्या येत. जुन्यांशी त्या ताडून पाहायला राजविद्यालयातले १२०० विद्यार्थी नावांतून बेटांवर नेले जात. घरातली माणसे कमी दाखवली आहेत का, जमीन लपवली आहे का, बेरीज जुळते का, हे ओळीओळीने शोधायचे. आणि रात्री दिवा लावायला मनाई.

मी त्या बेटावर उभा होतो आणि मुलीला शीच्या पट्टीवरचा नियम सांगितला, दफ्तरखान्यात आग नेऊ नये. दोन्हींमध्ये सोळाशे वर्षांचे अंतर. राजवटी आल्या, गेल्या, लिपीचे वळण बदलले, बांबूची जागा कागदाने घेतली, तरी पोरांना पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट तीच राहिली. असल्या गोष्टी ग्रंथ घोकून टिकत नाहीत. त्या एका हाताने दुसऱ्या हाताला दिल्या जातात.

मग हे गेले कसे? १४४९मध्ये तुमू इथे मंगोलांनी मिंग सैन्याचा धुव्वा उडवला आणि खुद्द सम्राटाला पकडून नेले. तिजोरीला पैसा हवा होता. धान्य किंवा घोडे देणाऱ्याला राजविद्यालयात प्रवेश मिळू लागला. एकदा दार विकत मिळू लागल्यावर आतल्या शिकवणीची किंमत काय राहणार? उमेदवारी कागदावर उरली. सगळे लक्ष परीक्षेवर, आणि परीक्षेचा निबंध आठ ठरीव भागांच्या साच्यात अडकला. मिंगनंतरच्या शेवटच्या राजवटीपर्यंत, म्हणजे छिंग काळापर्यंत, परिस्थिती अशी झाली की नवा जिल्हा-दंडाधिकारी परक्या प्रांतात जाई (स्वतःच्या प्रांतात नेमणूक द्यायची नाही असा नियमच होता), तिथली बोली त्याला कळत नसे, कायदा त्याने शिकलेला नसे, आणि कचेरीतले स्थानिक कारकून त्याला खेळवत. म्हणून तो पदरच्या पैशाने खासगी सल्लागार ठेवी. एक कायद्याला, एक सारावसुलीला. यातले पुष्कळ जण शाओशिंग भागातले.

वांग हुईत्सू हा त्यांपैकी एक. १७३०चा जन्म, लहानपणीच वडील गेले, तीसहून अधिक वर्षे अशा कचेऱ्यांत कायद्याचा सल्लागार. १७७५मध्ये चिनशी झाला आणि १७८७मध्ये हुनान प्रांतात निंगयुआन इथे स्वतःच दंडाधिकारी. त्याने सल्लागारांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी छोटी पुस्तके लिहिली: मालकाला खरे ते सांगा, ऐकत नसेल तर नोकरी सोडा, खटला आतल्या खोलीत न चालवता मोठ्या दालनात, लोकांदेखत चालवा. ही पुस्तके पुढची शंभर वर्षे अधिकारी जवळ बाळगत. जे शिक्षण सरकारने द्यायचे सोडले ते एका माणसाने आपल्या अनुभवातून लिहून ठेवले. लेखकाचा निष्कर्ष या शेवटच्या काळाला काहीसा लागू पडतो, हे मी मान्य करतो. तो दोन हजार वर्षांवर पसरू नये, एवढेच म्हणणे आहे.

आता दोन विनंत्या. लेखासोबत छापलेल्या छायाचित्राखाली 'हान काळातील विद्यापीठाच्या खोल्या' असे लिहिले आहे. ते छायाचित्र नानजिंगच्या जियांगनान परीक्षागृहाचे आहे. मी तिथे गेलो आहे. त्या अरुंद कोठड्या मी ओळखतो, फळीचेच बाक आणि फळीचेच मेज. ते परीक्षागृह ११६८मध्ये, दक्षिण सोंग काळात सुरू झाले, म्हणजे हान राजवट संपल्यानंतर साडेनऊशे वर्षांनी. भरभराटीच्या काळात तिथे २०,६४४ कोठड्या होत्या. तिथे कुणी शिकत नसे. दिवसांमागून दिवस कोंडून घेऊन पेपर लिहीत. ओळ कृपया पुढच्या रविवारी दुरुस्त करावी.

दुसरी विनंती: जागा असेल तर त्याच चौकटीत शीच्या पट्ट्यांचे एखादे छायाचित्र छापावे आणि खाली बुटाच्या ठशाची ती मापे द्यावीत. चार, पाच, तीन.

आपला,
एक निवृत्त प्रशिक्षक